हातातला वॉकी-टॉकी आतून कसा चालतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी उत्तरं एकच सेट डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत: व्हीएचएफवरचा (३० ते ३०० मेगाहर्ट्झचा पट्टा), ५ वॅटचा, साधा अ‍ॅनालॉग एफएम हँडहेल्ड, ७.४ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीवर चालणारा. फ्रिक्वेन्सीही शेवटपर्यंत एकच धरली आहे, १४५.५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे वाचता वाचता आकडे पडताळून पाहता येतील. डिजिटल सेट इथे घेतलेले नाहीत.

सेट उघडला की बोर्डवर काय काय दिसतं?

अँटेनाच्या सॉकेटपासून सुरुवात करा. सॉकेटला लागून तांब्याच्या तारेच्या तीन-चार छोट्या कॉइल उभ्या असतात, आत कोअर नसलेल्या, स्प्रिंगसारख्या. तो लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा. त्याच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव चेसीला टेकलेला जाडसर ट्रान्झिस्टर म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा मोसफेट. बोर्डच्या मधोमध पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली व्हीसीओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणारा ऑसिलेटर. चकचकीत धातूचा चौकोनी डबा दिसला तर क्रिस्टल फिल्टर, प्लॅस्टिकचा छोटा चौकोन दिसला तर ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर. कीपॅडच्या बाजूला मायक्रोकंट्रोलर आणि चॅनेल साठवणारी आठ पायांची ईईप्रॉम.

स्वस्त सेट उघडलात तर क्रिस्टल फिल्टर आणि सिरॅमिक फिल्टर सापडणारच नाहीत. त्यांच्या जागी एकच चिप असते. तिच्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

फोनसारखं एकाच वेळी बोलता आणि ऐकता का येत नाही?

चांगला रिसीव्हर साधारण ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल समजण्याजोगा ऐकवतो. ५० ओहमवर ही शक्ती होते उणे १२१ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत इतके डेसिबेल). त्याच सेटचा ट्रान्समीटर ५ वॅट म्हणजे अधिक ३७ डीबीएम सोडतो. दोन्हींत १५८ डेसिबेलचा फरक, म्हणजे सहावर पंधरा शून्यं इतक्या पटीचा. आणि दोघांना अँटेना एकच, फ्रिक्वेन्सीही एकच. कुजबुज ऐकायला लावलेल्या कानात त्याच क्षणी ढोल बडवण्याचा हा प्रकार. म्हणून एक चालू असताना दुसरा बंद ठेवावा लागतो. बोलणं संपवून ‘ओव्हर’ म्हणायची पद्धत यातूनच आली.

रिपीटर (ऐकलेलं तिथल्या तिथे पुन्हा प्रसारित करणारा मोठा सेट) एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो, पण दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर, आणि मध्ये डब्यांच्या आकाराचे कॅव्हिटी फिल्टर लावून. ते खिशात मावत नाहीत.

पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबल्यावर आत काय क्रमाने घडतं?

बटण मायक्रोकंट्रोलरची एक पिन ग्राउंड करतं. मायक्रोकंट्रोलर आधी रिसीव्हरचा पुरवठा तोडतो, मग सिंथेसायझरला, म्हणजे फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या सर्किटला, ट्रान्समिटचा आकडा पाठवतो. फ्रिक्वेन्सी लॉक झाल्याची खूण आली की ड्रायव्हर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला बायस (त्यांना चालू करणारं डीसी व्होल्टेज) मिळतो, आणि माइकचा मार्ग खुला होतो. लॉकची खूण आली नाही तर सेट ट्रान्समिट करत नाही; काही सेट बीप देऊन कळवतात, काही नुसते गप्प राहतात.

यात काही मिलिसेकंद जातात. समोरच्या सेटचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारं सर्किट) उघडायला आणखी वेळ लागतो, टोन वापरत असाल तर अजून थोडा. मध्ये रिपीटर असेल तर सगळ्याचीच बेरीज होते. त्यामुळे बटण दाबून अर्धा सेकंद थांबून बोलावं, नाहीतर ‘थांबा’ ऐवजी पलीकडे ‘बा’ पोचतं. बटण दाबायच्या आधीच बोलायला सुरुवात करणाऱ्याला कुठलंही सर्किट मदत करू शकत नाही.

१४५.५०० हा आकडा नेमका कसा तयार होतो?

सेटमध्ये प्रत्येक चॅनेलचा वेगळा क्रिस्टल नसतो. एकच क्रिस्टल ऑसिलेटर असतो, अनेक सेटमध्ये १२.८ मेगाहर्ट्झचा. त्याला १०२४ ने भागलं की बरोबर १२.५ किलोहर्ट्झ मिळतात. ही तुलनेची पट्टी. दुसरीकडे व्हीसीओ असतो, म्हणजे व्होल्टेज बदललं की फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर. हा बदल व्हॅरॅक्टर डायोड घडवतो. व्हीसीओच्या आउटपुटला ११६४० ने भागतात. दोन्ही भागाकार जुळेपर्यंत फेज डिटेक्टर व्होल्टेज वर-खाली करत राहतो. जुळले की व्हीसीओ १२.५ × ११६४०, म्हणजे १,४५,५०० किलोहर्ट्झवर उभा. चॅनेल बदलणं म्हणजे फक्त हा भाजक बदलणं. या सगळ्या फेऱ्याला पीएलएल म्हणतात.

दुरुस्तीत याचा उपयोग असा. बहुतेक बोर्डवर व्हीसीओच्या नियंत्रक व्होल्टेजचा टेस्ट पॉइंट असतो. उच्च रोधाच्या मल्टिमीटरने तिथे पाहा. बँडच्या खालच्या टोकाला साधारण १ व्होल्ट आणि वरच्या टोकाला ३-४ व्होल्ट असं सरकत गेलं तर पीएलएल ठीक आहे. चॅनेल बदलूनही ते शून्याला किंवा पुरवठ्याच्या व्होल्टेजला चिकटून बसलं तर लॉक होत नाही: व्हीसीओ बंद पडला आहे, किंवा क्रिस्टल ऑसिलेटरच चालत नाही, किंवा मायक्रोकंट्रोलरचा डेटा पोचत नाही.

व्हीसीओच्या झाकणाखाली कॉइलवर मेण किंवा रबरासारखा थर दिसेल. तो साफसफाई म्हणून खरवडू नका. कॉइल केसाएवढी हलली तरी फ्रिक्वेन्सी हलते. थर निघालेला सेट ट्रान्समिटवर ठेवा, स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलकेच टिचकी मारा आणि दुसऱ्या सेटवर ऐका. भांड्यावर चमचा आपटल्यासारखा टण्ण आवाज येतो. मग तो सेट गाडीत वापरणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागे इंजिनची घरघर ऐकू येते.

फ्रिक्वेन्सी सरकते म्हणजे किती?

चांगला तापमान-भरपाईचा ऑसिलेटर अधिक-उणे २.५ पीपीएमच्या (दहा लाखांत अडीच भागांच्या) आत राहतो. १४५.५ मेगाहर्ट्झला हे होतात ३६४ हर्ट्झ, आवाजात कळणारही नाहीत. तोच सेट ४४६ मेगाहर्ट्झवर असेल तर १.१ किलोहर्ट्झ. वयाने क्रिस्टल ५ पीपीएमपर्यंत सरकला तर यूएचएफवर (व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यात) २.२ किलोहर्ट्झ होतात, आणि नॅरो म्हणजे १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलचं डेव्हिएशनच (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी हलते ते अंतर) २.५ किलोहर्ट्झचं असतं. तेव्हा आवाज एका बाजूने कापल्यासारखा, चिरका येतो. सिग्नलच्या काड्या पूर्ण, पण आवाज फाटका, आणि तोही दोघांपैकी एकाच विशिष्ट सेटशी बोलताना: असं असेल तर संशय इथे घ्या.

आवाजाचं एफएम कसं होतं?

माइक इलेक्ट्रेट असतो. त्याच्या आत छोटा एफईटी असल्यामुळे त्याला डीसी लागतो, साधारण २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून. माइकच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. पुरवठ्याएवढं पूर्ण व्होल्टेज दिसलं तर माइक उघडा पडला आहे. शून्य दिसलं तर तो शॉर्ट आहे किंवा बायसच येत नाही. मधलं काहीतरी दिसलं, दीड-दोन व्होल्ट, तर माइक बहुधा चांगला आहे आणि समोरच्या छिद्रात साचलेली धूळ आधी काढायला हवी.

पुढे प्री-एम्फसिस: वरच्या पट्टीतले आवाज प्रत्येक ऑक्टेव्हला ६ डेसिबेलने चढवले जातात, कारण एफएममध्ये खरखर वरच्या पट्टीत जास्त असते. रिसीव्हर तेवढंच परत उतरवतो, सोबत खरखरही उतरते. मग लिमिटर ठरावीक उंचीवर आवाज छाटतो, आणि छाटल्याने तयार झालेल्या कडा ३ किलोहर्ट्झचा लो-पास फिल्टर गोल करतो. हा सिग्नल व्हीसीओवरच्या एका छोट्या व्हॅरॅक्टरला दिला की फ्रिक्वेन्सी आवाजाबरोबर हलते: २५ किलोहर्ट्झच्या (वाइड) चॅनेलमध्ये अधिक-उणे ५ किलोहर्ट्झ, १२.५ च्या चॅनेलमध्ये २.५. व्यापलेली जागा म्हणजे डेव्हिएशन आणि आवाजाची सर्वोच्च फ्रिक्वेन्सी यांच्या बेरजेची दुप्पट, पहिल्यात १६ किलोहर्ट्झ, दुसऱ्यात ११.

लिमिटर आहे म्हणून ओरडून काही फायदा नाही. आवाज दूर जात नाही, फक्त जास्त छाटला जातो. तोंडापासून ५-७ सेंटिमीटरवर, सेट जरा तिरका धरून, नेहमीच्या आवाजात बोला.

सीटीसीएसएस टोन कसा काम करतो? त्याने बोलणं गुप्त राहतं का?

राहत नाही. उत्तराचा हा भाग आधी लक्षात ठेवा.

आवाजाखाली ६७ हर्ट्झपासून साधारण २५० हर्ट्झपर्यंतचा एक मंद सूर सतत पाठवला जातो. समोरचा सेट तोच सूर ओळखला तरच स्पीकर उघडतो. बाकी कोणीही टोन बंद करून सगळं ऐकू शकतो. डीसीएसमध्ये सुराऐवजी सेकंदाला १३४.४ बिट या वेगाने २३ बिटांचा कोड जातो, हेतू तोच.

सर्किटच्या दृष्टीने यात एक मजेदार अडचण आहे. पीएलएलचं कामच व्हीसीओची फ्रिक्वेन्सी जागेवर ठेवण्याचं. भरभर हलणारा आवाज त्याच्या हाती लागत नाही, पण ६७ हर्ट्झचा संथ सूर त्याला चूक वाटतो आणि तो ती दुरुस्त करून टाकतो! म्हणून अनेक सेटमध्ये टोन दोन ठिकाणी देतात, व्हीसीओला आणि मूळ क्रिस्टल ऑसिलेटरलाही. पट्टीच टोनबरोबर हलली की दुरुस्त करायला काही उरत नाही. या दोन्हींचा तोल बिघडला तर वरचे टोन चालतात आणि खालचे चालत नाहीत, किंवा डीसीएस अजिबात उघडत नाही. ‘माझ्या सेटवर ८८.५ चालत नाही पण २०३.५ चालतो’ ही तक्रार इथून येते.

हिरवा दिवा लागतो पण स्पीकर गप्प? सिग्नल पोचतो आहे, टोन जुळत नाही. मॉनिटरचं बटण (टोन बाजूला ठेवून सगळं ऐकवणारं) दाबून पाहा. आवाज आला तर सेट खोलायची गरज नाही.

५ वॅट येतात कुठून?

व्हीसीओ देतो जेमतेम मिलिवॅटभर. बफर, प्री-ड्रायव्हर, ड्रायव्हर आणि शेवटचा मोसफेट अशा पायऱ्यांनी तो वाढतो. शेवटच्या जागी मित्सुबिशीचा आरडी०७एमव्हीएस१ अनेक सेटमध्ये दिसतो, ७.२ व्होल्टवर ७ वॅटपर्यंत देऊ शकणारा भाग. त्याच्या गेटवरचं व्होल्टेज बदललं की पॉवर बदलते. ‘हाय’ आणि ‘लो’ म्हणजे गेटचे दोन आकडे. एक छोटं सर्किट मोसफेटचा करंट पाहत राहतं आणि ठरलेल्यापेक्षा जास्त झाला की गेट खाली ओढतं.

हिशेब पाहा. ७.४ व्होल्ट गुणिले १.४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ साडेदहा वॅट बॅटरीतून गेले. अँटेनाला मिळाले साडेचार-पाच. उरलेलं सगळं उष्णता. ती चेसीत जाण्यासाठी मोसफेटखाली पक्कं सोल्डर किंवा थर्मल पेस्ट हवी. मोसफेट बदलताना हाच टप्पा घाईत होतो, आणि नवा भाग दोन दिवसांत जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सुटे भाग मिळतात, पण आरएफ मोसफेट घेताना छापील नंबरावर विसंबू नका: दोन घ्या, दोन्ही मोजा.

मोसफेटमधून मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या पटीही निघतात: २९१ मेगाहर्ट्झ, ४३६.५ मेगाहर्ट्झ. दुसरी थेट हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, यूएचएफ बँडमध्ये पडते. त्यांना अडवणारा म्हणजे सॉकेटजवळचा तो तीन-चार कॉइलचा फिल्टर. त्या कॉइल वाकलेल्या दिसल्या म्हणून ‘सरळ’ करायला जाऊ नका. वळणांमधलं अंतर मुद्दामच तसं असतं.

एकच अँटेना ट्रान्समीटर आणि रिसीव्हर कशी वापरतात?

रिले नसतो, दोन पिन डायोड असतात. बिघाड शोधायला हे सर्किट समजून घेणं फार फायद्याचं आहे.

पहिला डायोड ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्या मध्ये. दुसरा रिसीव्हरच्या तोंडाशी, सिग्नलपासून ग्राउंडला. अँटेना आणि दुसरा डायोड यांच्यामध्ये पाव तरंगलांबीची लाइन. १४५.५ मेगाहर्ट्झला हवेतली पाव तरंगलांबी ५१.५ सेंटिमीटर होते, ती सेटमध्ये मावणार नाही. म्हणून तिच्या जागी सुमारे ५५ नॅनोहेन्रीची एक कॉइल आणि दोन्ही टोकांना २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर. काम तेच होतं.

ट्रान्समिट करताना दोन्ही डायोडमधून डीसी सोडतात, दोन्ही चालू. पहिल्यातून पॉवर अँटेनाला जाते. दुसरा रिसीव्हरचं तोंड ग्राउंडला शॉर्ट करतो, आणि पाव तरंगलांबीची गंमत अशी की एका टोकाचा शॉर्ट दुसऱ्या टोकाला उघडा दिसतो. अँटेनाच्या बाजूने पाहिलं तर रिसीव्हर जणू तिथे नाहीच. पीटीटी सोडलं की दोन्ही डायोड बंद, आणि सिग्नल सरळ रिसीव्हरला.

आता बिघाड वाचा. पहिला उघडा पडला तर ऐकू नीट येतं, पॉवर जात नाही. दुसरा शॉर्ट झाला तर उलट: पॉवर पूर्ण, पण रिसीव्हर बहिरा, फक्त अगदी जवळचा सेट ऐकू येतो. दुसरा उघडा पडला तर सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक पीटीटीला स्वतःचीच पॉवर रिसीव्हरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरवर आदळते. तो ट्रान्झिस्टर बदलला आणि पुन्हा गेला, तर डायोड न तपासता तिसरा लावू नका.

रिसीव्हरमध्ये दोन-दोन आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सी) कशासाठी?

१४५.५ मेगाहर्ट्झवर जेमतेम १२ किलोहर्ट्झ रुंदीचा फिल्टर बनवणं अशक्यप्राय आहे. म्हणून सिग्नल खाली उतरवतात. व्हीसीओ आता १२४.१ मेगाहर्ट्झवर चालतो (भाजक ९९२८), मिक्सरमधून फरक निघतो २१.४ मेगाहर्ट्झ, आणि तो क्रिस्टल फिल्टरमधून जातो. पुढे २०.९४५ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या ऑसिलेटरशी मिसळून ४५५ किलोहर्ट्झ. इथे सिरॅमिक फिल्टर शेजारचे चॅनेल कापतो. फिल्टरच्या नंबराच्या शेवटी ‘ई’ असेल तर तो अधिक-उणे ७.५ किलोहर्ट्झचा, ‘जी’ असेल तर ४.५ चा. वाइड सेटमध्ये चुकून ‘जी’ बसवला की मोठ्या आवाजावर शब्द तुटतात.

मग एकदम ४५५ वरच का उतरत नाही? इमेजमुळे. १२४.१ शी २१.४ चा फरक असणाऱ्या फ्रिक्वेन्सी दोन आहेत: १४५.५ आणि १०२.७. मिक्सरला त्या सारख्याच. आणि १०२.७ म्हणजे एफएम प्रसारणाच्या पट्ट्याच्या पोटात! प्रसारण केंद्राच्या टॉवरजवळ वॉकी-टॉकीवर गाणी ऐकू येण्यामागे हे एक कारण असतं. मिक्सरच्या आधीचे फिल्टर ही इमेज मारतात, कारण ती ४२.८ मेगाहर्ट्झ दूर आहे. एकदम ४५५ किलोहर्ट्झला उतरलं असतं तर इमेज फक्त ९१० किलोहर्ट्झ दूर पडली असती, आणि तिला अडवणं त्या फिल्टरांच्या आवाक्याबाहेरचं. नंतर आलेल्या सेटमध्ये पहिला आयएफ ४५ मेगाहर्ट्झच्या आसपास नेला तो इमेज आणखी लांब जावी म्हणूनच.

क्रिस्टल फिल्टरनंतरचं बहुतेक काम एकाच आयसीत होतं, उदाहरणार्थ एमसी३३६१ किंवा टीए३११३६: दुसरा मिक्सर, लिमिटर, डिस्क्रिमिनेटर आणि स्क्वेल्चचं सर्किट. डिस्क्रिमिनेटर सिग्नलचे दोन भाग करतो, एकाला कॉइलने ९० अंश मागे ढकलतो आणि दोघांचा गुणाकार घेतो. फ्रिक्वेन्सी हलली की तो कोन हलतो, आणि तोच आवाज.

जुन्या सेटमध्ये सिरॅमिक फिल्टरवर वर्षानुवर्षं डीसी राहिल्याने आत चांदी सरकते आणि तो गळायला लागतो. लक्षण: अधूनमधून कडकड, मग रिसीव्हर अचानक मंद, कधी ठोकल्यावर पूर्ववत. फिल्टर बदला आणि दोन्ही बाजूंना कपॅसिटर घालून डीसी अडवा.

सिग्नल आला आहे हे स्क्वेल्चला कसं कळतं?

बहुतेकांना वाटतं की तो सिग्नलची ताकद मोजतो. तो मोजतो खरखर. सिग्नल नसताना डिस्क्रिमिनेटरमधून मोठी खरखर निघते, आणि तिचा बराचसा भाग माणसाच्या आवाजाच्या वर असतो. १० किलोहर्ट्झच्या पुढची पट्टी वेगळी काढून तिचा डीसी करतात. डीसी जास्त म्हणजे नुसती खरखर, स्पीकर बंद. सिग्नल आला की खरखर दबते, डीसी उतरतो, स्पीकर उघडतो.

यातून एक विचित्र दोष समजतो. वाइडवर ठेवलेल्या सेटवरून कोणी जोरात बोललं आणि ऐकणारा सेट नॅरोवर असेल, तर सिग्नल फिल्टरच्या बाहेर उसळतो, वरच्या पट्टीत विकृती तयार होते आणि स्क्वेल्चला ती खरखर वाटते. नेमक्या मोठ्या शब्दांवर स्पीकर बंद. लोक बॅटरी बदलतात, अँटेना बदलतात; बदलायला हवी असते मेनूतली वाइड-नॅरोची सेटिंग.

स्वस्त चिनी सेटमध्ये हे सगळं एका चिपमध्ये कसं मावतं?

बाओफेंग यूव्ही-५आरमध्ये आरडीए१८४६ आणि क्वानशेंग यूव्ही-के५ मध्ये बीके४८१९ ही चिप असते. अँटेनाकडून आलेला सिग्नल आत थेट शून्याजवळच्या आयएफला उतरवला जातो आणि फिल्टर, डिस्क्रिमिनेटर, स्क्वेल्च, टोन ओळखणं हे सगळं आकडेमोडीने होतं. सिंथेसायझरही आतच. बाहेर राहतात पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, अँटेनाचा स्विच, लो-पास फिल्टर आणि स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर.

शांत जागी अशा सेटची संवेदनशीलता महागड्या सेटच्या तोडीची असते. किंमत मोजावी लागते ती गर्दीत. चिपच्या आधी निवडक फिल्टर नाही, त्यामुळे जवळचा कोणताही जोरदार ट्रान्समीटर चिपचं तोंड भरून टाकतो आणि तुमचा सिग्नल बुडतो. म्हणूनच घरात छतावरची मोठी अँटेना जोडली की ऐकू येणं कधीकधी कमी होतं. डोंगरावर उत्तम, टॉवरांच्या शहरात त्रासदायक, असा हा सौदा आहे. पहिला सेट म्हणून आम्ही तो नाकारणार नाही.

अँटेना न लावता पीटीटी दाबलं तर मोसफेट जळतो का?

एकदा दाबून लगेच सोडलं तर बहुधा नाही. पण परत फिरलेली पॉवर मोसफेटवर व्होल्टेज आणि उष्णता दोन्ही चढवते, आणि कधी जाईल याचा भरवसा नाही. सवय नको.

सेटबरोबर येणारी १५-१७ सेंटिमीटरची रबरी अँटेना म्हणजे आत गुंडाळलेली कॉइल. पाव तरंगलांबीच्या ५१.५ सेंटिमीटरपुढे ती तोकडीच. अँटेनाला ग्राउंडची दुसरी बाजूही लागते; इथे नसलेली ती बाजू तुमचा हात आणि शरीर भरून काढतं, म्हणून कमरेला लावलेला सेट आणि तोंडापाशी धरलेला सेट यांत मोठा फरक पडतो. सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला ४९-५० सेंटिमीटरची तार जोडून खाली लोंबकळत सोडा. व्हीएचएफवर एवढ्यानेही फरक कळतो.

आणि अंतराचं म्हणाल तर उंचीपुढे वॅट फिके. दोघे दीड मीटरवर सेट धरून सपाटीवर असतील तर रेडिओ क्षितिज साधारण १० किलोमीटर. सिंहगडासारख्या, भोवतालच्या मुलखापेक्षा सुमारे ७०० मीटर उंच जागेवरून एकट्याचंच ते १०० किलोमीटरच्या पुढे जातं. मध्ये डोंगर नसेल तर, अर्थात.

पॉवर घरी कशी मोजायची?

१०० ओहम, ३ वॅटचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा, पाय शक्य तितके आखूड. झाला ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी जोडायचा, पॉवर शोषून घेणारा भार. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका, ते या फ्रिक्वेन्सीला कॉइलच असतात. लोडवरून १एन५७११ किंवा १एन४१४८ डायोड, पुढे १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला, आणि त्यावर डीसी मल्टिमीटर.

मीटरच्या वाचनात डायोडचे सुमारे ०.५ व्होल्ट मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. १० व्होल्ट म्हणजे १ वॅट, २० म्हणजे ४, आणि २२.४ म्हणजे ५ वॅट. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका; रेझिस्टरला हात लावून पाहायचा मोहही आवरा.

पीटीटी दाबताच सेट बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. का?

बॅटरी, किंवा तिचे पत्रे. नुसतं ऐकताना शंभर-दोनशे मिलिअँपिअर लागतात, ट्रान्समिटला दीड अँपिअर. संपर्काच्या पत्र्यांवर ०.३ ओहम एवढा जरी रोध साचला तरी ०.४५ व्होल्ट तिथेच गेले. पत्रे खोडरबराने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग ट्रान्समिट करताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज पाहा: ८.४ ला भरलेली बॅटरी दाबताच ६.५ च्या खाली गेली तर सेल म्हातारे झालेत.

पूर्ण बॅटरी किती टिकेल याचा अंदाज ५-५-९० च्या हिशेबाने काढतात: ५ टक्के वेळ बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के नुसतं चालू. १८०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर, बॅटरी सेव्हर चालू ठेवून, सोळा-सतरा तास. सुरक्षारक्षकाचा सेट निम्म्या वेळातच का संपतो? तो पाच टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त बोलतो.

पावसात भिजला. तांदळात ठेवू?

नको. बॅटरी लगेच काढा, कारण नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि व्होल्टेज मिळून तांबं जास्त खातात. समुद्राचं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा. ऐकायला उफराटं वाटतं, पण मीठ आत सुकू देणं त्याहून वाईट. मग सेट खोलून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. शील्डच्या झाकणाखाली पाणी अडतं, तिथे विशेष लक्ष द्या. एक-दोन दिवस हवेशीर जागी सुकवा. हिरवट डाग दिसले तर पहिला संशय बॅटरीच्या मार्गावर आणि पीटीटीच्या बटणावर घ्या. ओलं बटण अर्धवट दाबलेलं राहतं आणि सेट आपोआप ट्रान्समिट करत बसतो.

परवाना लागतो का?

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी पॉवरचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात, मात्र सेटला उपकरण मान्यता असायला हवी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसाठी हॅमचा परवाना लागतो. बाकीच्या फ्रिक्वेन्सींसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून त्या-त्या वापराचा परवाना घ्यावा लागतो. सेट एखाद्या फ्रिक्वेन्सीवर जातो म्हणून तिथे बोलायची मुभा मिळत नाही. ऑनलाइन विक्रीबाबत ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत.

आतले कोणते स्क्रू फिरवायचे नाहीत?

फ्रिक्वेन्सी काउंटर नसेल तर क्रिस्टल ऑसिलेटरचा ट्रिमर. डेव्हिएशन मोजता येत नसेल तर डेव्हिएशनचा प्रीसेट. ‘आवाज वाढवायचा आहे’ म्हणून सगळ्यात आधी तोच फिरवला जातो आणि सेट शेजारच्या चॅनेलवर सांडायला लागतो. रिसीव्हरच्या कॉइलचे कोअर ठिसूळ असतात. धातूच्या स्क्रूड्रायव्हरने ते तडकतात, आणि धातू जवळ असताना जुळवलेली कॉइल तो बाजूला घेताच पुन्हा सरकते. प्लॅस्टिकची किंवा सिरॅमिकची ट्रिमर काडी वापरा, आणि पहिला वेढा देण्याआधी मूळ जागेवर मार्करने बारीक रेघ ओढून ठेवा.